पिशव्यांचा ढीग आणि तुमचे प्रश्न

ओट्याखाली, माळ्यावर, दाराच्या खुंटीला... पिशवीत पिशवी कोंबून ठेवलेली नाही असं घर सातारा-सांगलीकडे शोधून सापडणं कठीण. इतक्यात आलेल्या पत्रांतले बरेच प्रश्न याच ढिगाबद्दल होते, म्हणून या वेळची सगळी जागा त्यांना दिली आहे. पिशवी कशाची आहे ते ओळखल्याशिवाय तिला कात्री लावू नका, एवढी एक गोष्ट जवळपास प्रत्येक उत्तरात येते. म्हणून सुरुवात तिथूनच.

प्रश्न : दुधाच्या, साडीच्या, ब्रेडच्या, दुकानातल्या अशा सगळ्या पिशव्या घरात एकत्र साठल्या आहेत. कुठली कशाला वापरायची हे कसं ठरवायचं? (सातारा)

उत्तर : पिशवी कानाजवळ धरून चुरगाळा. पातळ असूनही चरचर वाजत असेल तर ती एचडी (हाय डेन्सिटी पॉलिथीन), म्हणजे दुकानातली दोन कानांची जुनी झबला पिशवी. बाजारात तिला 'एचएम'ही म्हणतात. मऊ लागते, आवाज कमी करते आणि ओढली की रबरासारखी लांबते ती एलडी (लो डेन्सिटी पॉलिथीन) : दुधाची पिशवी, गादीवरचं आवरण. काचेसारखी स्वच्छ, कडक वाजणारी आणि एकदा फाटायला लागली की सरळ रेषेत फाटत जाणारी ती पीपी (पॉलिप्रॉपिलीन) : शर्ट-साडीची पिशवी. कापडासारखी दिसणारी नॉनवोव्हन पिशवीही पीपीच असते. तिला कापडी समजून बरेच जण फसतात. आतून चंदेरी असलेलं चिप्सचं पाकीट हा चौथा प्रकार. ते अनेक थरांचं असतं आणि वितळवून काही करण्याच्या कामाचं नसतं. पिशवीवर त्रिकोणात आकडा असेल तर २ म्हणजे एचडी, ४ म्हणजे एलडी, ५ म्हणजे पीपी.

ही ओळख का लागते? एलडी साधारण ११० अंशांना वितळते, एचडी १३० च्या आसपास आणि पीपी १६० च्या पुढे. इस्त्रीने जोडायच्या कामात ही तिन्ही एकत्र आली की काम बिघडलंच.

शंका राहिली तर पाण्याची परीक्षा घ्या. बोटभर तुकडा कापा, वाटीत पाणी आणि साबणाचा एक थेंब घालून तो बोटाने तळाला दाबा, बुडबुडे निघून जाऊ द्या आणि सोडा. वर आला तर तो वरच्या तीन प्रकारांपैकी. तळाशीच राहिला तर बहुधा पीव्हीसी, म्हणजे पाइप-रेक्झिनचं प्लास्टिक. तो घरातल्या कुठल्याही गरम कामाला घेऊ नका.

प्रश्न : बंदी आल्यावर जुन्या पिशव्या घरात वापरल्या तर चालतात का? (सांगली)

उत्तर : राज्याची अधिसूचना २३ मार्च २०१८ ची आहे आणि कारवाई २३ जून २०१८ पासून सुरू झाली. पहिल्यांदा ५,००० रुपये दंड, दुसऱ्यांदा १०,००० आणि तिसऱ्यांदा २५,००० रुपये व तीन महिन्यांपर्यंत कैद. बंदी विक्रीइतकीच वापरावरही आहे, तेव्हा जुनी झबला पिशवी घेऊन भाजीला जाऊ नका. ती कापून तिचं पायपुसणं किंवा तोरण करा, म्हणजे ती पिशवी म्हणून उरतच नाही. आणि हस्तकलेसाठी हव्यात म्हणून कोणाकडून नव्या पिशव्या मागून आणू नका. घरात आहेत तेवढ्याच संपवायच्या. एकदा संपल्या की दुधाच्या पिशव्या आणि कपड्यांची वेष्टणं एवढंच साहित्य हाताशी राहील, आणि ते पुरेसं आहे.

प्रश्न : पिशव्यांच्या दोऱ्याचं क्रोशाचं पायपुसणं करायला घेतलं. दोरा सारखा तुटतो आणि पायपुसणं सपाट न बसता वाटीसारखं वर येतं. कुठे चुकतंय? (मिरज)

उत्तर : दोन वेगळ्या चुका आहेत. आधी दोरा.

यासाठी चरचरणारी एचडी पिशवीच घ्या. दुधाची पिशवी जाड पडते, सुईत वळत नाही. पीपी तर घेऊच नका, ती पट्टीच्या कडेवरून चिरत जाते. पिशवी सपाट पसरा, हातानं हवा काढा, तळाची शिवण आणि वरचे कान कापून टाका. उरतो तो दोन्हीकडून उघडा नळा. त्याची कडेला कड लावून दोनदा उभी घडी घाला आणि आडव्या, २.५ सेंटिमीटर रुंदीच्या पट्ट्या कापा. प्रत्येक पट्टी उलगडली की एक बंद कडं मिळतं. ३० सेंटिमीटर रुंद आणि कापून ३५ सेंटिमीटर उंच उरलेल्या पिशवीतून अशी १४ कडी निघतात, म्हणजे साधारण चार मीटर दुहेरी दोरा. पट्टी दोन सेंटिमीटरच्या खाली गेली की दोरा तुटणारच. पिशवी फारच पातळ असेल तर तीन सेंटिमीटर घ्या.

आता गाठ. पहिल्या कड्याच्या टोकातून दुसरं कडं अर्धं पलीकडे काढा. त्या दुसऱ्याचं मागचं टोक त्याच्याच पुढच्या फाशातून ओवा आणि दोन्ही हातांनी सावकाश ओढा. गाठ सरकत सरकत लहान होते आणि मधोमध बसते. झटका दिला की फिल्म, म्हणजे पिशवीचा पातळ पापुद्रा, गाठीपाशी ताणून पांढरी पडते. ती पांढरी जागा म्हणजे उद्या तुटणारी जागा. तुमचा दोरा गाठीजवळच तुटत असेल तर कारण हेच. कात्री बोथट असली तरी कड दातेरी होते आणि तिथून फाटायला सुरुवात होते.

विणकामाला ८ मिलिमीटरची सुई घ्या. चार साखळ्या जोडून वर्तुळ, त्यात सहा मुके खांब (सिंगल क्रोशाचे टाके). दुसऱ्या फेरीत प्रत्येक टाक्यात दोन, म्हणजे १२. तिसरीत एक सोडून एक वाढ, १८. चौथीत दोन सोडून एक, २४. प्रत्येक फेरीला सहाच वाढायचे. पायपुसणं वाटीसारखं वर येतं याचा अर्थ वाढ कमी पडते आहे, किंवा हात घट्ट आहे. झालरीसारखं लाटांत फिरत असेल तर वाढ जास्त झाली. फेरीची सुरुवात कळावी म्हणून तिथल्या टाक्यात सेफ्टी पिन अडकवा. पिन नसली की एकेक टाका निसटतो आणि पाचव्या-सहाव्या फेरीपर्यंत लक्षातही येत नाही. वाटी दिसायला लागली की लगेच दोन फेऱ्या उसवा, पुढे जाऊन ती आपोआप बसत नाही. प्लास्टिक घामेजल्या बोटांना चिकटतं, तेव्हा बोटांना आणि सुईला थोडी टाल्कम पावडर लावा.

४५ सेंटिमीटर व्यासाला १८ ते २० फेऱ्या आणि २५ ते ३० पिशव्या लागतात. शेवटची टोकं मेणबत्तीवर चिकटवू नका, टणक गोळा होतो आणि पायाला टोचतो. टोक सहा-सात टाक्यांतून मागच्या बाजूला ओवून टाका.

हे पायपुसणं न्हाणीघराच्या दारात मात्र टाकू नका. प्लास्टिक पाणी शोषत नाही आणि ओल्या फरशीवर सटकतं. घरात म्हातारी माणसं असतील तर हा धोका खरा आहे. त्याची जागा बाहेरच्या पायरीवर किंवा नळाजवळ, चिखल झटकायला. तिथेही मागच्या बाजूला सायकलच्या जुन्या ट्यूबचे चार तुकडे मजबूत टाक्यांनी शिवा.

प्रश्न : इस्त्रीने पिशव्या जोडून जाड कापडासारखं करता येतं म्हणतात. माझ्या पिशवीला भोकंच पडली. (वाई)

उत्तर : इस्त्री जास्त तापली होती किंवा थर कमी होते. झबला पिशवीचे सहा ते आठ थर लागतात, जाड एलडीचे चार पुरतात. सगळे थर एकाच प्रकारचे हवेत. एलडी-पीपी मिसळलं तर पीपी सुटंच राहतं आणि एलडीला तोवर भोकं पडतात. छापील बाजू आत वळवा, नाहीतर शाई सुटून पसरते.

खाली आणि वर बेकिंगचा बटर पेपर. मेण लावलेला कागद नको, मेण वितळून आत शिरतं. वर्तमानपत्रही नको, ते चिकटतं. इस्त्रीची वाफ बंद. आकडा 'सिल्क'वर ठेवून सुरू करा, पंधरा सेकंद सतत फिरवत राहा, मग कागद उचलून कोपरा सोलून बघा. थर वेगळे होत असतील तर किंचित उष्णता वाढवा. चिकटले असतील तर उलटवून दुसरी बाजू. एका जागी इस्त्री थांबली की भोक पडतंच. वास किंवा धूर आला तर उष्णता जास्त आहे. लगेच थांबा, खिडक्या उघडा. हे काम बंद खोलीत आणि लहान मुलांसमोर करायचंच नाही.

गरम असतानाच कागदासकट पोळपाटाखाली किंवा जाड पुस्तकाखाली दोन मिनिटं दाबून ठेवा, नाहीतर कडा वळतात. जोडताना तुकडा आक्रसतो आणि सगळीकडे सारखा आक्रसत नाही. म्हणून माप घेऊन कापणं हे जोडल्यावरचं काम, आधी चौफेर तीन-चार सेंटिमीटर जास्त ठेवा.

शिवताना टाचण्या लावू नका, त्यांची भोकं कायमची राहतात. कपड्यांचे चिमटे लावा. मशीनला १६ नंबरची सुई, पॉलिस्टरचा दोरा आणि टाका तीन ते चार मिलिमीटर लांब. बारीक टाका घातला की रांगेने भोकं पडतात आणि तिकिटासारखा तुकडा वेगळा होतो. मशीनचा पाय चिकटून पुढे सरकत नसेल तर वर बटर पेपरची पट्टी ठेवून शिवा आणि नंतर ती फाडून काढा. ओली छत्री ठेवायचं कव्हर, पावसात पासबुक-मोबाइल ठेवायचं पाकीट, डब्याच्या कापडी पिशवीला आतलं अस्तर, याला हे कापड छान चालतं. गरम डबा मात्र त्यावर थेट टेकू नये, मध्ये कापडाचा थर हवा.

प्रश्न : थालीपीठ थापायला दुधाची पिशवी आणि सांडगे-कुरडया घालायला प्लास्टिकचा कागद वापरतो. हे बरोबर आहे का? (विटा)

उत्तर : दुधाची पिशवी खाण्यापिण्याचे पदार्थ ठेवण्यासाठीच बनवलेली असते, त्यामुळे थापायला हरकत नाही. मात्र पीठ आतल्या बाजूवर थापा, छपाई बाहेरच्या अंगाला असते. चिकटपट्टीपाशी कापून, कोमट पाणी आणि साबणाने धुऊन, सावलीत वाळवा. थापल्यावर पिशवी तव्यावर उलटी करण्याची घाई असते, तिथेच घात होतो. तवा दोनशे अंशांच्या आसपास तापलेला असतो आणि ही फिल्म ११० ला वितळते. कड तव्याला लागली की ती थालीपिठाला चिकटते आणि पोटात जाते. थालीपीठ आधी हातावर घ्या, मग तव्यावर. ओल्या सुती फडक्यावर थापायची सवय असेल तर तीच ठेवा, ती यापेक्षा चांगली आहे.

सांडग्यांना काळा किंवा गडद रंगाचा कागद नको, तसं प्लास्टिक बहुतेक वेळा आधी वापरलेल्या मालातून पुन्हा केलेलं असतं. स्वच्छ, पारदर्शक, जाड कागद घ्या. कुरडईचा उकळता चीक प्लास्टिकवर थेट घालू नका. चिकाखाली जुनं धुतलेलं धोतर किंवा सुती साडी पसरा.

आणखी एक : दुधाची पिशवी उघडताना कोपरा पूर्ण कापून टाकू नका, लोंबता ठेवा. तो नखाएवढा तुकडा मोरीतून गटारात जातो आणि कोणालाच पुन्हा सापडत नाही.

प्रश्न : सासूबाई रोज बंब पेटवताना दोन-तीन पिशव्या घालतात. लाकूड लगेच धरतं. समजावू कसं? (कोरेगाव)

उत्तर : त्यांना बंबाची जाळी काढून दाखवा. प्लास्टिक वितळून थेंब थेंब गळतं, जाळीवर घट्ट होतं आणि फटी बुजतात. नळीत चिकट काजळी धरते, ओढ कमी होते आणि धूर घरात फिरतो. रोज बंब घासणाऱ्या माणसाला हे लगेच पटतं, कारण ती काजळी चिंचेनेही निघत नाही.

आरोग्याचं कारण त्याहून मोठं आहे. कमी हवेत अर्धवट जळणाऱ्या प्लास्टिकमधून काजळी आणि कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्यात एखादा तुकडा पीव्हीसीचा असेल तर हायड्रोक्लोरिक आम्लाची वाफ आणि डायॉक्सिनसारखी विषारी द्रव्यंही निघतात. पहाटे बंबाजवळ सगळ्यात जास्त वेळ त्याच बसतात, म्हणून काळजीही त्यांचीच करायला हवी. ती राख भांडी घासायला किंवा कुंडीत घालू नका, छपाईच्या शाईतली रंगद्रव्यं तिच्यात उरतात.

पेटवायला उसाचं वाळलेलं पाचट, चिपाडं, करवंट्या आणि गोवरीचा चुरा हे सगळं आपल्याकडे मुबलक आहे. मूठभर पाचटाची वेणी वळून कोरड्या जागी ठेवलीत तर ती पिशवीइतकीच पटकन धरते. त्यांना कोरडं जळण रोज हाताशी मिळालं, तर पिशवीची गरजच पडणार नाही.

प्रश्न : युरियाची रिकामी पोती धुऊन त्यात शाळू भरला तर चालेल का? नाहीतर त्या पोत्यांचं काय करायचं? (जत)

उत्तर : धान्याला नाही. कितीही धुतलं तरी नाही. विणीच्या फटीत खत राहतं, शिवाय आतल्या प्लास्टिकच्या अस्तरात धान्याला घाम सुटतो आणि बुरशी धरते. कीटकनाशकाच्या पाकिटांना आणि पिशव्यांना तर कशासाठीच हात लावू नका, ना पाण्याला, ना रोपांना.

४५ किलोचं युरियाचं पोतं पावसाळी खोळीला मात्र उत्तम. पोतं उलटं करून तीन पाण्यांतून काढा. युरिया पाण्यात विरघळतो, त्यामुळे तो निघून जातो, पण न धुता अंगावर घेतलं तर घामाबरोबर त्वचेला चुणचुण लागते. आतलं अस्तर काढू नका, नुसत्या विणीतून पाणी झिरपतं. आता तळाचे दोन कोपरे हातात घ्या, एक कोपरा आत ढकलत नेऊन दुसऱ्या कोपऱ्यात नीट बसवा. डोक्यावर येणारं टोपरं तयार. बाकीचं पोतं पाठीवरून खाली जातं. तोंडाची कड एकदा दुमडून जाड सुईने धावदोरा घाला, नाहीतर विणीच्या पट्ट्या सुटत जातात. वापरून झाल्यावर खोळ सावलीत वाळवा. उन्हात टांगलेलं पोतं काही महिन्यांत पिठासारखं गळायला लागतं.

प्रश्न : दुधाच्या पिशव्यांत रोपं केली, पण निम्मी सडली. (मेढा)

उत्तर : भोकं कमी किंवा वर पडली असावीत. अर्ध्या लिटरच्या पिशवीला दाभणाने आठ भोकं पाडा : दोन तळाला, बाकीची तळापासून दोन बोटांच्या आत. मिश्रण दोन भाग माती, एक भाग वाळू, एक भाग पूर्ण कुजलेलं शेणखत. तुमच्याकडच्या तांबड्या मातीला हे प्रमाण बरोबर आहे. कृष्णाकाठची काळी माती असेल तर वाळू दोन भाग घ्या, कारण ती माती फुगते आणि भोकं बुजवते. पिशवी वरून दोन बोटं मोकळी ठेवा, पाणी द्यायला जागा लागते. पारदर्शक पिशवीत मुळांना उजेड लागतो आणि आत हिरवं शेवाळ धरतं. अशा पिशव्या खोक्यात एकमेकांना चिकटवून उभ्या करा.

लावताना पिशवी ब्लेडने उभी चिरून पूर्ण काढा. 'कुजेल आपोआप' म्हणून तशीच पुरली तर मुळं आतल्या आत गोल फिरतात, आणि झाड दोन वर्षांनी वाऱ्यात आडवं होतं. काढलेल्या पिशव्या मोजून घरी आणा.

प्रश्न : मुलीच्या रुखवतात पिशव्यांच्या झेंडूंचं तोरण ठेवायचं आहे. तीन फुटी दाराला किती पिशव्या लागतील आणि कसं करायचं? (तासगाव)

उत्तर : पाच पिशव्या, पिवळ्या आणि केशरी मिळून. हिशेब असा : एका फुलाला १० सेंटिमीटरचे आठ चौकोन, ९० सेंटिमीटरच्या दाराला दहा फुलं, म्हणजे ८० चौकोन. वर सांगितल्यासारख्या नळ्यातून एका पिशवीचे १८ चौकोन निघतात.

आठ चौकोन एकावर एक ठेवा. पिशवी अंगाला चिकटत असेल तर ओलसर फडक्याने एकदा पुसा, वीज धरलेली असते ती जाते. एक सेंटिमीटरच्या चुण्या घाला, जपानी पंख्यासारख्या, आणि मधोमध बारीक तारेने आवळा. पातळ तार फार आवळली तर फिल्म कापते, तेव्हा दोन पीळ पुरे. दोन्ही टोकं गोलसर कापा. मग सगळ्यात वरचा थर चिमटीत धरून मध्याकडे उभा करा, त्यानंतर दुसरा, तिसरा. चार थर एका बाजूला, चार दुसऱ्या बाजूला. हे काम बोटांच्या पेरांनी करायचं, नखाने ओढलं की पाकळी चिरते. सगळे थर उभे राहिले की वरून तळहाताने अलगद दाबा, गच्च झेंडू दिसतो.

आंब्याच्या पानांना जाड हिरव्या एलडी पिशवीचे चार थर इस्त्रीने जोडून १५ बाय ५ सेंटिमीटरची पानं कापा. मधली शीर बटर पेपरवरून सुरीच्या बोथट पाठीने दाबून काढा. ओवायला नायलॉनची दोरी, दोन्हीकडे हातभर जास्त. धूळ बसली तर साबणाच्या पाण्यात बुडवून काढलं की काम झालं. समई-निरांजनापासून मात्र हे तोरण लांब ठेवा. प्लास्टिक पेटलं की त्याचे जळते थेंब खाली पडतात.

प्रश्न : वाकळेत मधल्या थराला पिशव्या घातल्या तर ऊब राहील ना? (दहिवडी)

उत्तर : ऊब राहील, पण घामही राहील. रात्रभर कुरकुर आवाज होईल आणि आतलं सुती कापड ओलं राहून कुबट वास धरेल. अंगावर घ्यायच्या वाकळेत नको. लहान बाळाच्या दुपट्यात, उशीत तर अजिबात नको, फिल्म बाहेर आली तर श्वास कोंडण्याची भीती असते. ओसरीवर किंवा गोठ्याजवळ बसायच्या बैठकीत, दोन जुन्या साड्यांच्या मध्ये जाड एलडीचा एकच थर चालेल. तिथेही टाके दोन बोटांच्या अंतराने घाला. प्रत्येक टाक्याचं भोक ओल आत घेतं, त्यामुळे ही बैठक ओल उशिरा पोचवते एवढंच, पूर्ण अडवत नाही.

प्रश्न : उरलेलं अन्न पिशवीत बांधून कोपऱ्यावर ठेवतो, गाई खातात. त्यात वाईट काय? (सांगली)

उत्तर : गाय गाठ सोडत नाही, पिशवीसकट खाते. पिशवी पोटाच्या पहिल्या कप्प्यात पचत नाही आणि पुढेही सरकत नाही. एकावर एक साठून गोळा होतो, चाऱ्याला जागा उरत नाही आणि गाय खाणं सोडते. मग पोट उघडून शस्त्रक्रिया करण्यावाचून इलाज नसतो. अन्न पाटीत किंवा कागदावर उघडं ठेवा. पिशवीत बांधू नका, कधीच.

प्रश्न : शाळेत मुलांना बाटलीत पिशव्या ठासून 'विटा' करायला सांगितल्या आहेत. किती भरायच्या? आणि हे करावं का? (कराड)

उत्तर : एक लिटरच्या बाटलीत निदान ३३० ग्रॅम. रिकामी झबला पिशवी पाच-सहा ग्रॅमची असते, म्हणजे साधारण साठ पिशव्या. बाटलीच्या तोंडातून जाईल अशी बांबूची बोथट काठी घ्या, तळाला मऊ पिशवी घालून ती कडांपर्यंत दाबा आणि दर चार-पाच पिशव्यांनंतर काठी फिरवत ठासा. अंगठ्याने दाबल्यावर बाटली आत गेली तर ती सैल आहे. पिशव्या ओल्या किंवा तेलकट असतील तर आत सडतं, वायू होतो आणि बाटली फुगते.

पण स्वच्छ एलडी-एचडी पिशव्या यात कोंबणं आम्हाला पटत नाही. दुधाच्या पिशव्या धुऊन, वाळवून, वेगळ्या बांधून ठेवल्या तर भंगारवाला घेतो आणि त्या वितळून पुन्हा कामाला येतात. बाटलीत एकदा सगळं मिसळलं की तो रस्ता बंद. मुलांना चिप्स-बिस्किटांची चंदेरी पाकिटं भरायला सांगा, त्यांना भंगारात कोणी विचारत नाही. या विटांचं बाक किंवा झाडाभोवतीचं आळं होतं, त्यावर मातीचा लेप द्या म्हणजे ऊन लागत नाही. वजन पेलणारी भिंत करू नका.

प्रश्न : गच्चीवरच्या खोक्यात ठेवलेल्या पिशव्यांचा हात लावताच भुगा होतो. (सातारा)

उत्तर : उन्हातल्या अतिनील किरणांनी प्लास्टिकचे लांब रेणू तुटतात आणि ते ठिसूळ होतं. रोपवाटिकेतल्या पिशव्या काळ्या असतात त्या याचसाठी : त्यातली काजळी ते किरण शोषून घेते. भुगा झालेल्या पिशव्यांचं काही करता येत नाही. केरसुणीने झाडू नका, कण वाऱ्याने उडून पागोळीतून अंगणात जातात. ओलं फडकं टाकून टिपा, एका धड पिशवीत भरा, तोंड घट्ट बांधा आणि सुक्या कचऱ्यात द्या. गांडूळखताच्या टाकीत चुकूनही नको. उरलेल्या चांगल्या पिशव्या धुऊन, सावलीत वाळवून, समोशासारख्या तिकोनी घडीत बंद कपाटात ठेवा. घडी घालताना वर्ष लिहिलेली चिठ्ठी आत टाका, म्हणजे जुनी आधी वापरली जाईल.